परदेशात दाढीचे सामान: काय न्यावे, तिथे काय घ्यावे आणि मानेवरच्या पुटकुळ्या कशा टाळाव्यात

चतुर्थीच्या आधी-मागे मालवण, वेंगुर्ला, देवगड या किनाऱ्यावरचे जहाजावर आणि आखातात काम करणारे पुरुष घरी येतात. त्या आठ-दहा दिवसांत आमच्या त्वचारोगाच्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. हनुवटीखाली आणि मानेवर लाल-काळ्या, टोचणाऱ्या पुटकुळ्या असतात. रुग्णाला वाटते, ही उष्णता आहे, तिकडचे पाणी बाधले आहे किंवा जहाजावरचे जेवण. मी विचारतो, "दाढी कशाने करता?" उत्तर बहुतेक एकाच वळणाचे असते. घरी असताना वडिलांसारखा स्टीलचा रेझर आणि साधे ब्लेड वापरायचे. तिकडे गेल्यावर ते ब्लेड मिळाले नाही, म्हणून दुकानात समोर टांगलेला पाच ब्लेडचा रेझर घेतला. मग कामाच्या गडबडीत फेस न करता नुसत्या पाण्यावर दाढी सुरू झाली आणि सहा महिन्यांत मान अशी झाली.

ब्रश, साबण आणि साधे ब्लेड यांनी दाढी करण्याची सवय असेल आणि परदेशी जायचे असेल, तर सामानाची सोय आधी कशी करायची आणि त्वचा कशी सांभाळायची, ते या लेखात सांगितले आहे. आखातातली नोकरी, जहाजावरचा करार, शिक्षणासाठी जर्मनी किंवा इंग्लंड, नाहीतर मुलांकडे अमेरिकेला सहा महिने राहायला जाणे, या सगळ्यांना यातले बरेचसे लागू पडते.

रेझर बदलला की त्वचेला काय होते?

गालावरचा केस त्वचेतून बऱ्यापैकी उभा बाहेर येतो. मानेवरचा केस मात्र आडवा, त्वचेला जवळजवळ चिकटून वाढतो. काहींच्या मानेवर तो खालून वर जातो, काहींच्या बाजूला, आणि कित्येकांच्या मानेवर एक भोवराच असतो. एकापेक्षा जास्त ब्लेड असलेल्या रेझरमध्ये पहिले ब्लेड केसाला ओढून वर उचलते आणि मागचे ब्लेड तो कापते. कापलेला केस सुटला की त्वचेच्या पातळीच्या खाली जातो. दाढी एकदम गुळगुळीत वाटते ती यामुळेच. पण तिरका कापलेला, टोकदार झालेला हा केस वाढताना बाहेर येण्याऐवजी आतल्या आत बाजूच्या त्वचेत घुसतो. कुरळा केस असेल तर बाहेर येऊन, वळून पुन्हा त्वचेत शिरतो. शरीर त्याला काट्यासारखे वागवते. सूज येते, खाज येते, कधी पू होतो आणि शेवटी काळा डाग राहतो.

वैद्यकीय भाषेत याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात. केसाच्या मुळाशी जंतू शिरून होणारा केसतोड वेगळा. तो साधारण एक-दोनच असतो, ठणकतो, पिकतो आणि औषधाने बसतो. आत वाढलेल्या केसांच्या पुटकुळ्या अनेक असतात, रेझर लागतो तिथेच येतात आणि दाढी थांबवली की हळूहळू कमी होतात. हा शेवटचा मुद्दा निदानासाठी सर्वांत उपयोगी आहे: चार आठवडे दाढी न केल्यास फरक पडला, तर दोष पाण्याचा नव्हता.

एकच ब्लेड असलेला जुना रेझर केस त्वचेच्या पातळीवर कापतो, सहसा खाली जात नाही. त्यामुळे मानेच्या पुटकुळ्यांची प्रवृत्ती असलेल्यांना तो अधिक मानवतो. पाच ब्लेडचा रेझर वाईट, असे मी म्हणत नाही. पुष्कळांना तो काहीच त्रास देत नाही. पण तुमच्या त्वचेला ज्याची सवय आहे आणि जे सोसते, ते परक्या देशात पहिल्याच महिन्यात सोडू नका. तिथे हवा, पाणी, घाम, साबण, झोप सगळेच एकदम बदललेले असते. त्यात रेझरही बदलला की त्रास कशाने होतो आहे, हे तुम्हालाही कळत नाही आणि डॉक्टरलाही.

"दाढी ठेवा" एवढा सल्ला का पुरत नाही

पुस्तकात या आजारावरचा पहिला उपाय दाढी वाढू देणे हाच आहे. मी तो एकदा आखातातल्या वायू-प्रकल्पावर काम करणाऱ्या एका रुग्णाला सांगितला, तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टरांनू, दाढी ठेवा म्हणतास, पण दाढी असली तर साईटवर घेणत नाय."

त्याचे खरे होते, आणि नियमही बरोबर आहे. तेल आणि नैसर्गिक वायूच्या प्रकल्पांत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असू शकतो. सुरुवातीला त्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मंदावते, म्हणजे वास गेला म्हणून धोका टळला असे समजणारा माणूस अधिक धोक्यात असतो. अशा ठिकाणी चेहऱ्याला घट्ट बसणारा श्वसन-मास्क हाच आधार असतो. मास्कची रबरी कड आणि कातडी यांच्यामध्ये खुंट आले की फट राहते आणि बाहेरची हवा आत येते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत तर मास्कची कड जिथे टेकते तिथे केस असलेल्या माणसाला घट्ट बसणारा मास्क देऊच नये, असे स्पष्ट म्हटले आहे. जहाजावर आग लागली तर धुरात शिरणाऱ्या खलाशालाही पूर्ण चेहऱ्याचा मास्क लावावा लागतो, तिथेही हेच.

म्हणजे या रुग्णांसाठी मानेवरच्या पुटकुळ्या हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही. दाढी केली तर मान सुजते, नाही केली तर काम जाते. म्हणूनच सोसणारे ब्लेड वर्षभर हाताशी असणे ही त्यांच्यासाठी औषधाइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

घरून काय न्यावे

रेझर आणि ब्लेड घरून न्या, साबण तिथे मिळेल. हा साधा हिशेब आहे. ब्लेड हलके असते, जागा घेत नाही, खराब होत नाही आणि भारतात स्वस्त मिळते. सेव्हन ओ'क्लॉक, टोपाझ, विल्किन्सन यांपैकी जे तुमच्या गालाला सोसते, तेच न्या. मी कोणत्याही कंपनीची शिफारस करत नाही. एकाच्या गालावर लोण्यासारखे चालणारे ब्लेड दुसऱ्याला ओरखडते, हे रोज पाहतो.

किती न्यायची? एक ब्लेड साधारण चार ते सहा दाढ्या चालते. नऊ महिन्यांचा करार असेल आणि दिवसाआड दाढी करत असाल, तर सुमारे १३५ दाढ्या होतात. एका ब्लेडला पाच दाढ्या धरल्या तर २७ ब्लेड लागतील, म्हणजे दहाची तीन पाकिटे. रोज दाढीची सक्ती असेल तर सहा पाकिटे घ्या. सहा पाकिटांचे वजन मोबाइलपेक्षा कमी भरते. ब्लेड बोथट झाले आहे हे कळायची खूण म्हणजे तुमचा हात आपोआप जोर लावू लागतो. तसे झाले की ब्लेड काढून टाका, पैसे वाचवू नका. मानेवरची निम्मी आग बोथट ब्लेडची असते.

विमानाचा नियम इथे लक्षात घ्या, कारण मोपा असो की मुंबई, सुरक्षा तपासणीत लोकांची ब्लेड टोपलीत जाताना मी स्वतः पाहिली आहेत. सुटी ब्लेड हातातल्या बॅगेत चालत नाहीत. रेझरमध्ये बसवलेले ब्लेडही चालत नाही. दोन्ही मोठ्या, चेक-इन केलेल्या बॅगेत ठेवा, आणि ब्लेड मूळ पाकिटातच असू द्या, म्हणजे सामान तपासणाऱ्याचा हात कापणार नाही. प्लास्टिकचे वापरून फेकायचे रेझर आणि कार्ट्रिजचे रेझर बहुतेक विमानतळांवर हातातल्या बॅगेत नेता येतात. ज्यांच्याकडे फक्त हातातली बॅग आहे त्यांनी पहिल्या दोन-चार दिवसांसाठी असा एक रेझर ठेवावा आणि ब्लेड तिथे उतरून घ्यावे.

क्रीम, जेल आणि फोम यांना द्रवाचा नियम लागतो. बहुतेक आंतरराष्ट्रीय प्रवासांत हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही. ट्यूब अर्धी संपलेली असली तरी तिच्यावर छापलेले माप धरतात. फोमचा डबा मोठ्या बॅगेत जातो, पण एक डबा ५०० मिलीपर्यंत आणि प्रसाधनांचे एकूण प्रमाण २ लिटरपर्यंत, अशी मर्यादा असते. दाढीच्या साबणाची वडी किंवा कांडी घनरूप असल्याने या कटकटीत पडत नाही. तुरटीचेही तसेच.

ब्रशबद्दल थोडे. प्राण्यांच्या केसांचा ब्रश असेल तर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत प्राणिजन्य वस्तू उतरल्यावर जाहीर करावी लागते. कृत्रिम तंतूंचा ब्रश घेतला तर हा प्रश्न उरत नाही, शिवाय तो लवकर वाळतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या दूषित केसांच्या ब्रशमुळे इंग्लंड-अमेरिकेत अनेकांना अँथ्रॅक्स झाला होता. आजच्या ब्रशची तशी भीती नाही. पण ओला ब्रश डब्यात बंद करून ठेवला की त्यात बुरशी आणि जंतू वाढतात, ही गोष्ट आजही खरी आहे. प्रवासात ब्रश टिश्यूत गुंडाळा, पोहोचल्यावर उघडा ठेवा.

तिकडे काय मिळते आणि कुठे शोधावे

ब्लेड संपले किंवा बॅगच हरवली, तर घाबरून पहिला दिसेल तो रेझर घेऊ नका. साधे ब्लेड जगातून गेलेले नाही, फक्त दुकानात खालच्या फळीवर गेले आहे.

आखातात सुपरमार्केटच्या मुख्य फळीवर कार्ट्रिज दिसतात. पण भारतीय आणि पाकिस्तानी किराणा दुकानांत साध्या ब्लेडची पाकिटे गल्ल्यामागे असतात, मागावी लागतात. भारतीय ब्लेड नसेल तर पाकिस्तानचे ट्रीट, इजिप्तचे लॉर्ड, तुर्कस्तानचे डर्बी यांपैकी काहीतरी मिळते. अरबीत "मूस हिलाका" म्हटले की दुकानदाराला कळते. तुर्की अर्को साबणाची कांडी त्या भागात सहज मिळते आणि तिचा फेस चांगला होतो. मात्र तिला सुगंध आहे. सुगंधाची ॲलर्जी असलेल्यांनी ती घेऊ नये.

सिंगापूरला जहाज लागले आणि किनाऱ्यावर जायची परवानगी मिळाली, तर लिटल इंडियातले मुस्तफा सेंटर आपल्या माणसांना ठाऊक असतेच. तिथे ब्लेड, ब्रश, साबण सगळे एका छताखाली असते. जपानमध्ये औषधांच्या दुकानांत फेदर ब्लेड मिळते. ते फार धारदार असते. आपल्या नेहमीच्या ब्लेडच्या सवयीने हात टाकलात तर पहिल्याच दिवशी रक्त निघेल, तेव्हा पहिल्या दाढीत हात अगदी हलका ठेवा. इंग्लंडमध्ये बूट्ससारख्या दुकानांत आणि मोठ्या सुपरमार्केटमध्ये विल्किन्सनचे दुधारी ब्लेड असते. जर्मनीत डीएम, रॉसमान या दुकानांत "रझीअरक्लिंगेन" असे विचारा. झोलिंगेन हे तिथले गाव पिढ्यान्‌पिढ्या चाकू-वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि मर्कुरसारखे रेझर आजही तिथलेच. इटलीत प्रोरासो क्रीम कुठल्याही बऱ्या दुकानात मिळते. त्यात निलगिरीचे तेल आणि मेन्थॉल असलेला एक प्रकार आहे. तो गार वाटतो, पण सोललेल्या त्वचेला झोंबतो. संवेदनशील त्वचेसाठीचा वेगळा प्रकार मिळतो, तो घ्या. स्पॅनिश भाषेच्या बंदरांत "ओखास दे अफेइतार" म्हणा. अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्यांना भारतीय किराणा दुकानाचा आधार आहेच, किंवा घरबसल्या मागवता येते.

जहाजावर कप्तानाच्या ताब्यात स्लॉप चेस्ट असतो, म्हणजे खलाशांना विकत देण्याच्या सामानाची कोठी. त्यात साबण, टूथपेस्ट आणि दाढीचे सामान असते. पण निवड नसते, आणि असते ते बहुधा वापरून फेकायच्या रेझरचे पुडके. मिळालेच तर त्यातल्या त्यात एक किंवा दोन ब्लेडचा निवडा. मोठ्या बंदरांतल्या खलाशी-केंद्रांत छोटे दुकान असते आणि तिथले स्वयंसेवक गावात नेऊनही आणतात. हल्ली जहाज बंदरात काही तासच थांबते, म्हणून यादी आधी करून ठेवा.

नवे क्रीम किंवा आफ्टरशेव्ह घेतले तर थेट चेहऱ्यावर लावू नका. लावून ठेवायची वस्तू, म्हणजे आफ्टरशेव्ह किंवा बाम, कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहा. लाली किंवा खाज आली नाही तर वापरा. धुऊन टाकायचा साबण मात्र असा लावून ठेवू नये, त्याने कोणाचीही त्वचा लाल होईल. तो पहिल्यांदा एका गालावर, एका दाढीपुरता वापरून पाहा.

पाण्याचा प्रश्न

जांभ्या दगडातल्या आपल्या विहिरींचे पाणी सहसा मऊ असते. साबणाचा फेस झटकन येतो आणि त्याचे आपल्याला काही वाटत नाही. किनाऱ्यालगत मचूळ पाण्याची विहीर असलेल्यांनाच फरक माहीत असतो. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचे पाणी जड असते, शाळेच्या पुस्तकातले दुष्फेन पाणी. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून पांढरी, चिकट साय तयार करतात. फेस बसतो, ब्लेड अडखळते, आणि ही साय त्वचेवर राहिली तर दाढीनंतर गाल ओढल्यासारखे वाटतात. अशा ठिकाणी साबणाऐवजी क्रीम वापरा, किंवा दाढीपुरते मगभर पिण्याचे कमी क्षारांचे बाटलीबंद पाणी घ्या. एवढ्या पाण्यात पूर्ण दाढी होते.

आखाती देशांत नळाचे पाणी बहुतांश समुद्राच्या पाण्यातले क्षार काढून केलेले असते. जहाजावर समुद्राच्या पाण्याची वाफ करून गोडे पाणी बनवतात. त्यात क्षार जवळजवळ नसतात, फेस भरपूर येतो, पण साबण निघता निघत नाही. चेहरा बुळबुळीत वाटतो म्हणून लोक टॉवेलने घासतात. घासू नका, साबणच कमी घ्या.

समुद्राच्या पाण्यात नेहमीचा साबण फेसाळत नाही, हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक आहे. पूर्वी जहाजांवर गोडे पाणी मोजून मिळायचे, तेव्हा खलाशांसाठी खास साबण बनवत आणि तो खोबरेल तेलाचा असे. खोबरेलातल्या आम्लांचा साबण खाऱ्या पाण्यातही विरघळतो, म्हणून फेस येतो. होडीवर दिवस-दिवस राहणाऱ्यांनी खोबरेलाचा साबण ठेवायला हरकत नाही. पण खाऱ्या पाण्याने दाढी केल्यास शेवटी चेहरा आणि ब्लेड दोन्ही गोड्या पाण्याने धुवा. मीठ ब्लेडची धार खाते.

गंजाबद्दल एक गैरसमज सांगतो. गंजलेल्या ब्लेडने कापले म्हणून धनुर्वात होतो, असे लोक समजतात. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात, गंजात नव्हे. गंजलेले ब्लेड टाकायचे ते त्याची धार फाटून त्वचा सोलवटते म्हणून. धनुर्वाताचे लसीकरण मात्र परदेशी जाणाऱ्याचे पूर्ण असावे, ब्लेडचा संबंध असो वा नसो. ब्लेड गंजू नये यासाठी दाढीनंतर धुऊन, झटकून, न्हाणीघराबाहेर कोरड्या जागी ठेवा. कपड्याने पुसू नका, धार जाते आणि बोटही.

दाढी करताना

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पाण्याला वेळ देणे. कोरडा केस ताठ असतो. दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने भिजला की तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला कितीतरी कमी जोर लागतो. अंघोळ आधी, दाढी नंतर, हा क्रम एवढ्यासाठीच. मग ब्रशने फेस करून मिनिटभर राहू द्या.

मानेवर केस कुठल्या दिशेने वाढतात हे दोन दिवसांच्या खुंटावरून बोट फिरवून पाहा. ज्या दिशेने हात गुळगुळीत जातो, ती वाढीची दिशा. रेझर त्याच दिशेने चालवा. उलट दिशेने, म्हणजे "उलटा हात", मानेवर मारू नका. एका हाताने कातडी ताणून धरणे हीदेखील पुटकुळ्यांना आमंत्रण देणारी सवय आहे, कारण ताणून कापलेला केस सोडल्यावर आत जातो. स्टीलचा रेझर स्वतःच्या वजनानेच चालतो, दाबायचा नाही. आणि एकाच जागी तीन-चारदा फिरवायचा नाही. मास्क बसण्यासाठी दाढी नीट झालेली लागते, आरशासारखी गुळगुळीत नव्हे. हे पटले की निम्मा त्रास जातो.

दाढी झाल्यावर गार पाणी, टिपून पुसणे आणि साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर. तुरटी रक्त थांबवते आणि जंतूंनाही आवरते. ओली करून फिरवावी आणि मिनिटभराने धुऊन टाकावी. ज्यांची त्वचा आधीच सोललेली आहे, त्यांनी फक्त कापलेल्या जागी लावावी. लिंबू चोळण्याची सवय कोणाला असेल तर ती सोडा. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की फोड येतात आणि महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. डेकवर काम करणाऱ्याला ऊन चुकत नाही.

दुसऱ्याचे ब्लेड

एका खोलीत सहा-आठ जण राहतात, एकाचे ब्लेड संपले, दुसऱ्याने आपला रेझर दिला. यात मित्रप्रेम असते हे मला कळते, पण हे करू नका. दाढीत न दिसणाऱ्या जखमा होतात आणि ब्लेडवर रक्ताचा अंश राहतो. हिपॅटायटिस बी, म्हणजे "कावीळ ब"चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. वाळलेले, स्वच्छ दिसणारे ब्लेडही त्यामुळे सुरक्षित नसते. हिपॅटायटिस सीसुद्धा अशा वाटून घेतलेल्या वस्तूंतून पसरू शकतो. चामखीळ आणि केसतोडाचे जंतू पसरतात ते वेगळेच.

सलूनमध्ये, मग ते मस्कतचे असो की मालवणच्या बाजारपेठेतले, नवे ब्लेड तुमच्यासमोर पाकिटातून काढायला सांगा. वस्तऱ्याला बसवायचे अर्धे ब्लेड आता सगळीकडे वापरतात, तेव्हा असे सांगण्यात संकोच नको. सगळ्यांच्या गालांवरून फिरणारी तुरटीची एकच वडी मात्र अजून दिसते. तिला नको म्हणा.

हिपॅटायटिस बीची लस प्रौढांना ०, १ आणि ६ महिने अशी तीनदा देतात. जाण्यापूर्वी दोन डोस होत असतील तर घ्या आणि तिसरा पुढच्या सुट्टीत घ्या. उशीर झाला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

पुटकुळ्या आल्याच तर

त्या नखाने फोडू नका, चिमट्याने केस मुळापासून उपटू नका. उपटलेला केस पुन्हा वाढताना आतच अडकतो. शक्य असेल तर काही दिवस दाढी थांबवा. कामामुळे शक्य नसेल तर मशीनने खुंट बारीक ठेवता येईल का, हे सुरक्षा अधिकाऱ्याला विचारा. घट्ट मास्कच्या कामात बहुधा चालत नाही, पण करारात प्रत्येक महिना त्या कामाचा असतोच असे नाही.

औषधांत रात्री लावायचे ॲडापलीन आणि सकाळचे बेंझॉइल पेरॉक्साइड उपयोगी पडतात. दोन्ही डॉक्टरांना दाखवूनच सुरू करावीत. ॲडापलीनने सुरुवातीला साल निघते, बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो. हे आधी माहीत नसले की लोक औषध सोडून देतात. मेडिकलमधून मिळणारे तीन औषधांचे मिश्र मलम, ज्यात स्टेरॉइड असते, ते बॅगेत टाकून नेऊ नका. दोन दिवस लाली जाते. पण तो मुळात नायटा असेल, तर स्टेरॉइडखाली पसरत जातो आणि ओळखूही येत नाही. गोल, कडेला खवले असलेला, खाजणारा चट्टा हा नायटा समजून दाखवून घ्यावा, रेझरचा दोष समजू नये.

ज्यांना कायम मास्कचेच काम आहे आणि वरच्या कशानेही भागत नाही, त्यांना मानेवरचे केस लेसरने विरळ करण्याचा पर्याय आहे. आपल्या सावळ्या त्वचेला एनडी-याग प्रकारचे लेसर अधिक सुरक्षित मानतात. बैठका चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने घ्याव्या लागतात, म्हणजे तीन महिन्यांच्या सुट्टीत दोन-तीनच होतात आणि उरलेल्या पुढच्या वर्षी. डेकवरून उन्हात रापून आल्या आल्या लेसर करू नये, भाजण्याचा धोका असतो. महिनाभर रंग उतरू द्यावा लागतो.

पुढील बाबतींत परत येईपर्यंत थांबू नका, तिथल्याच डॉक्टरांना किंवा जहाजावरच्या वैद्यकीय जबाबदार अधिकाऱ्याला दाखवा: ताप, गालावर किंवा ओठाजवळ वेगाने पसरणारी लाल, गरम सूज, खूप ठणकणारी पिकलेली गाठ, डोळ्याकडे सरकणारी सूज. मधुमेह असेल तर लहान केसतोडही दाखवा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर ब्लेडऐवजी विजेवर चालणारा शेव्हर बरा.

आणि सुट्टीवर आलात की दवाखान्यात पहिल्या आठवड्यात या. पुष्कळजण चतुर्थी, देवदर्शन, नातेवाईक सगळे उरकून निघायच्या दोन दिवस आधी येतात. तेव्हा चार आठवडे दाढी थांबवायला वेळ नसतो, औषध सोसते का ते पाहायला वेळ नसतो, आणि मी फक्त चिठ्ठी लिहून देऊ शकतो. ती चिठ्ठी औषधांच्या मूळ नावांसह इंग्रजीत लिहून घ्या आणि पासपोर्टबरोबर ठेवा, म्हणजे विमानतळावर कोणी विचारले किंवा तिथे औषध संपले तर दाखवता येते.